दम मोजायचा तो हातांचा

माणसाचा दम मोजण्याचे प्रसंग आपल्याकडे कमी नाहीत. शाळेच्या मैदानावर शर्यती लागतात. पोलीस भरतीला आलेल्या पोरांना १६०० मीटर धावावे लागते. चाळिशी उलटलेल्या गृहस्थाच्या छातीत जरा कळ आली की डॉक्टर त्याला ट्रेडमिलवर चालवून हृदयाचा आलेख काढतात. या साऱ्या चाचण्यांत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे माणूस आपल्या पायांवर उभा आहे. जो उभाच राहू शकत नाही, जो चाकाच्या खुर्चीत बसून आयुष्य काढतो, त्याचा दम मोजण्याचा विचारही सहसा कुणाच्या मनात येत नाही. ‘बिचाऱ्याला चालता येत नाही, त्याला कसला व्यायाम आणि कसली चाचणी!’ असे म्हणून विषय मिटतो.

खरे पाहता दमाची सर्वांत जास्त गरज त्यालाच असते. पलंगावरून खुर्चीत येणे, खुर्चीतून न्हाणीघरातल्या पाटावर जाणे, दाराबाहेरचा चढ चढणे ही सारी कामे त्याला दोन हातांच्या बळावर करायची असतात. आपल्याला पाय चालवतात, त्याला हात चालवतात. ‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण त्याच्या बाबतीत शब्दशः खरी आहे.

आपल्या पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो. मेंदूचे हुकूम शरीराला आणि शरीराच्या खबरा मेंदूला पोचवणारा हा जाडजूड दोर. झाडावरून, छतावरून किंवा बांधकामाच्या पराचीवरून पडणे आणि रस्त्यावरचे अपघात ही आपल्या देशात हा दोर दुखावण्याची मोठी कारणे आहेत. इजा कमरेजवळ किंवा छातीच्या पातळीवर झाली तर पाय लुळे पडतात आणि हात शाबूत राहतात. मानेपाशी झाली तर हातांचे बळही थोडेफार किंवा पुरते जाते. त्यासोबत लघवी आणि शौचावरचा ताबा जातो, इजेखालच्या कातडीला स्पर्श कळत नाही आणि त्या भागाला नीट घामही येत नाही.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी अशी इजा म्हणजे मृत्यूची चाहूलच समजली जाई. अंथरुणाला खिळून पाठीला पडणाऱ्या जखमा आणि लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग यांनी बहुतेक रुग्ण वर्ष-दोन वर्षांत दगावत. ही समजूत मोडून काढण्यात मोठा वाटा डॉ. लुडविग गुटमान यांचा. हे ज्यू डॉक्टर नाझी राजवटीच्या छळाला कंटाळून १९३९ मध्ये जर्मनीहून इंग्लंडला आले. १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी विभाग सुरू झाला आणि त्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. दर दोन तासांनी रुग्णाला कुशीवर वळवायचे, लघवीची स्वच्छता कटाक्षाने पाळायची आणि रुग्णाला निजून राहू द्यायचे नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. खेळ हा त्यांच्या उपचाराचाच भाग होता. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्या दिवशीच, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. तीत सोळा जखमी सैनिक उतरले होते, त्यांत स्त्रियाही होत्या. बारा वर्षांनी, १९६० मध्ये, रोमला पहिल्या पॅरालिंपिक स्पर्धा झाल्या, त्या या बीजातूनच.

आपल्या देशातही या वाटेने गेलेली माणसे आहेत. मेजर हरिपालसिंग अहलुवालिया यांनी १९६५ च्या मे महिन्यात एव्हरेस्ट सर केले आणि त्याच वर्षीच्या युद्धात पाठीच्या कण्यात गोळी लागून ते चाकाच्या खुर्चीत आले. पुढे त्यांनी दिल्लीत मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी खास रुग्णालय उभे केले. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. तेही १९६५ च्याच युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याची शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली. पॅरालिंपिकमधले ते भारताचे पहिले सुवर्णपदक होय. २०१८ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली, तेव्हा त्या विजयाला शेहेचाळीस वर्षे होत आली होती.

पण प्रत्येकाला सुवर्णपदक मिळवायचे नसते. घराघरांतला प्रश्न वेगळा आहे. औषधे आणि शुश्रूषा सुधारल्यामुळे ही माणसे आता दीर्घकाळ जगतात. मग जे विकार चालत्याफिरत्या माणसांना गाठतात, तेच यांनाही गाठतात. लठ्ठपणा, मधुमेह, हृदयविकार आता त्यांच्याही दाराशी उभे असतात. बसून राहिलेल्या शरीराला ते लवकर धरतात. म्हणून जीव वाचल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो, तो शरीर कमावण्याचा.

कोकणातल्या एखाद्या घरातला तिशीचा तरुण डोळ्यांपुढे आणावा. नारळाच्या झाडावरून पडून त्याच्या कमरेजवळचा मणका मोडलेला आहे. शस्त्रक्रिया झाली, तो घरी आला, चाकाची खुर्चीही आली. आई चहाचा कप हातात देते, जेवणाचे ताट मांडीवर ठेवते. वडील आणि धाकटा भाऊ त्याला उचलून खुर्चीत बसवतात आणि उचलूनच निजवतात. ‘तू बस रे, आम्ही आहोत ना,’ हे वाक्य घरात दिवसातून दहा वेळा उच्चारले जाते. त्यात माया असते, तसे आपल्या हातून काही कमी पडू नये हे भयही असते. वर्षभरात त्याचे पोट सुटते, दंड बारीक होतात आणि न्हाणीघरापर्यंत खुर्ची ढकलली तरी धाप लागते. घरच्यांना वाटते, दुखणे वाढले. मणक्याचे दुखणे तर होते तेवढेच आहे. वाढला आहे तो अशक्तपणा, आणि तो आला आहे नुसते बसून राहण्यामुळे. मायेने उचललेल्या प्रत्येक वेळी त्याच्या हातांचे एकेक काम कमी झालेले असते.

अशा तरुणाला पुनर्वसन विभागात नेले की तेथे हातांची सायकल दिसते. टेबलावर बसवलेले पॅडल हातांनी फिरवायचे आणि चाकावरचा भार टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा, अशी तिची साधी रचना असते. चाचणीआधी तयारी मात्र पुष्कळ करावी लागते. मूत्राशय रिकामे आहे ना, कॅथेटर असल्यास त्याची नळी कुठे मुडपलेली नाही ना, बैठकीवर जखम नाही ना, खांदा दुखत नाही ना, हे सारे विचारले आणि पाहिले जाते. रक्तदाब आणि नाडी मोजतात. खुर्चीचे ब्रेक लावतात. तोल जात असेल तर छातीशी पट्टा बांधतात. मग पॅडल फिरू लागते. दर मिनिटा-दोन मिनिटांनी भार वाढतो आणि दर वेळी फिजिओथेरपिस्ट विचारते,

“दादा, आता किती वाटतंय? सहा ते वीसमध्ये सांगा.”

“अकरा.” थोड्या वेळाने, “तेरा.” मग दात आवळून, “सतरा!”

शेजारी उभ्या असलेल्या आईला राहवत नाही.

“अगं बाई, पुरे कर आता. किती दमवतेस त्याला!”

“काकू, थोडं दमू दे त्यांना. दम लागल्याशिवाय दम कळायचा कसा?”

हे सहा ते वीस आकडे काय आहेत? स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी ही पट्टी तयार केली. सहा म्हणजे काहीच कष्ट नाहीत, तेरा म्हणजे जरा जड जाते आहे आणि वीस म्हणजे आता जीव जाईल असे वाटणे. सुरुवात सहापासून का, याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. निरोगी तरुण माणसाने सांगितलेल्या आकड्यावर एक शून्य चढवले की साधारण त्याची नाडी मिळते. सहा म्हणजे साठ ठोके, तेरा म्हणजे एकशे तीस. हिशेब असा सोपा आहे.

पण हाच हिशेब मानेपाशी इजा झालेल्या माणसापाशी फसतो. हृदयाची गती वाढवा असा निरोप नेणाऱ्या नसा मज्जारज्जूतून छातीच्या वरच्या भागात बाहेर पडतात. इजा त्याहून वर असेल तर मेंदूचा हा निरोप हृदयापर्यंत पोचतच नाही. माणूस घामाघूम होण्याइतके कष्ट करतो, पण त्याला घाम येत नाही आणि नाडीही बहुधा ११० ते १३० च्या आसपास अडून बसते. व्यायामशाळांत २२० मधून वय वजा करण्याचा जो ठोकताळा वापरतात, त्याप्रमाणे तिशीच्या माणसाची नाडी १९० पर्यंत जायला हवी. यंत्राकडे पाहणाऱ्या अनभिज्ञ माणसाला वाटेल, ‘नाडी ११८ च आहे, म्हणजे हा अंग चोरतो आहे.’ खुर्चीतला माणूस मात्र तेव्हा आपल्या ताकदीच्या टोकाला पोचलेला असतो. म्हणून अशा वेळी नाडीपेक्षा त्याच्या तोंडच्या आकड्यावर अधिक भिस्त ठेवावी लागते. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हा येथे चाचणीचाच भाग ठरतो.

कमरेजवळ इजा झालेल्या तरुणाचे हृदय जोमाने धावते, तरी त्यालाही पायांची पट्टी लावून चालत नाही. हातांचे स्नायू पायांपेक्षा लहान असतात. सराव नसलेल्या निरोगी माणसाने सारी शक्ती लावून हातांची सायकल चालवली, तरी पायांनी केलेल्या व्यायामात तो जेवढा प्राणवायू वापरतो, त्याच्या साधारण ७० टक्केच हातांच्या व्यायामात वापरू शकतो. शिवाय चालताना पोटरीचे स्नायू आवळून रक्त वर ढकलतात. लुळ्या पायांत ही पिचकारी बंद असल्यामुळे रक्त खाली साचते आणि हृदयाकडे कमी परतते. तेव्हा त्याचा निकाल चालणाऱ्या भावाच्या निकालाशेजारी मांडला तर तो नेहमी नापासच दिसेल. त्याचा आकडा त्याच्यासारखीच इजा असलेल्यांशी ताडून पाहावा, आणि त्याहून बरे म्हणजे त्याच्या स्वतःच्या मागच्या आकड्याशी.

ही चाचणी घरच्या घरी हौसेने करण्याची नव्हे, हेही येथे स्पष्ट सांगायला हवे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असेल, तर रक्तदाब अचानक भडकण्याचा धोका असतो. भरलेले मूत्राशय, तुंबलेली नळी, शौचाचा खडा, पाठीखाली रुतणारी वस्तू अशा एखाद्या साध्या कारणाने शरीर खालून धोक्याची घंटा वाजवते. मेंदूला ती ऐकू येत नाही, पण इजेखालच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. डोके ठणकू लागते, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागावर घाम फुटतो. या माणसांचा वरचा रक्तदाब एरवी ९० ते १०० इतका कमी असू शकतो. त्यामुळे इतरांच्या मानाने किरकोळ वाटणारा १४० चा आकडाही त्यांच्यासाठी गंभीर असतो. अशा वेळी निजवू नये. सरळ बसवून पाय खाली सोडावेत, कपडे आणि पट्टे सैल करावेत, नळी आणि मूत्राशय पाहावे. कारण सापडले नाही किंवा रक्तदाब उतरला नाही तर तत्काळ रुग्णालय गाठावे. घरातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला एवढे ठाऊक असायलाच हवे. विजयाच्या हव्यासापायी काही खेळाडू मुद्दाम असा रक्तदाब चढवून घेऊ लागले, तेव्हा १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने त्यावर बंदी घातली, यावरूनच हा खेळ जिवावरचा आहे हे ध्यानी यावे.

उन्हाचीही काळजी घ्यावी लागते. इजेखाली घाम येत नसल्याने शरीर लवकर तापते. वैशाखातल्या दुपारी चाचणीही नको आणि सरावही नको. व्यायाम संपताच एकदम थांबू नये, हलकेच हात फिरवत राहावे. भोवळ आलीच तर खुर्ची मागे कलती धरून डोके खाली आणावे.

यंत्र नसलेल्या गावातही दम मोजता येतो. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की सपाट जागा शोधावी. शाळेचे पटांगण चालेल, दवाखान्याचा लांब व्हरांडाही चालेल. सहा मिनिटांत खुर्ची किती मीटर जाते ते मोजावे आणि शेवटी सहा ते वीसमधला आकडा विचारून वहीत लिहावा. पुढच्या वेळी खुर्ची तीच हवी, टायरमधली हवा तेवढीच, जागा तीच आणि वेळही तीच. टायर मऊ असेल तर माणूस जोमात असूनही अंतर कमी भरते, आणि दोष मात्र माणसाला लागतो.

चाचणीचा उपयोग पुढे काय करायचा, हे त्या आकड्यावरून ठरते. किती भाराने सुरुवात करावी, किती वेळाने वाढवावा, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना फार कडक नाहीत. दम वाढण्यासाठी आठवड्यातून दोनदा किमान वीस मिनिटे धाप लागेल असा व्यायाम करावा. शिवाय जे स्नायू चालतात त्यांना बळ देणारा व्यायाम आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी तीन आवर्तने, असे त्या सांगतात. हृदय आणि चयापचय यांच्या भल्यासाठी धापेचा व्यायाम तीस मिनिटांचा आणि आठवड्यातून तीनदा हवा. घरातल्या घरात खुर्ची ढकलणे यासाठी बहुधा पुरत नाही. खांद्यांना मात्र जपावे लागते. ज्याचे खांदे गेले, त्याचे पायही दुसऱ्यांदा गेले असे समजावे. म्हणून नुसते ढकलण्याचे व्यायाम न करता मागे ओढण्याचे व्यायामही शिकवले जातात.

कोकणातल्या त्या तरुणाने तीन महिने असा नेटाने सराव केला, तर वहीतला आकडा वाढतो. पण घराला त्या आकड्यापेक्षा दुसरेच काही आधी दिसते. एका सकाळी धाकटा भाऊ उचलायला येतो, तेव्हा तो म्हणतो, “थांब, मी बघतो.” फळी टेकवून, हातांवर भार देऊन तो स्वतःच पलंगावरून खुर्चीत सरकतो. आईचा हात सवयीने पुढे येतो आणि मध्येच थांबतो. त्या थांबलेल्या हातालाही बळ लागते. उचलण्यापेक्षा उभे राहून पाहणे कितीतरी अवघड असते, हे अशा घरांतल्या आयांना विचारावे.

कुणाला वाटेल, एवढ्या खटाटोपाने काय साधले? चालता तर येत नाहीच. खरे आहे, चाचणीने पाय परत येत नाहीत आणि तसे आश्वासन कुणी देऊही नये. मानेपाशी इजा झालेल्या एखाद्याला सारे कष्ट करूनही पलंगावरून एकट्याने उतरता येणार नाही. त्याचा वाढलेला दम कदाचित घास स्वतःच्या हाताने तोंडापर्यंत नेण्यात किंवा सलग चार तास खुर्चीत बसून काम करण्यात दिसेल. तेही थोडे नव्हे. आपल्या हातून काय होते आणि कशाला दुसऱ्याचा हात लागतो, हे त्याला स्वतःला नेमके कळते. मग तो मदत मागतो ती हक्काने आणि हवी तेवढीच.

यानंतरची परीक्षा मात्र त्याची नसते. सहा मिनिटे खुर्ची ढकलण्याइतके बळ त्याने हातांत आणले, पण त्याच्या दारापासून सहा मिनिटांचा सपाट रस्ता आहे का? एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार असावा, हे साधे गणित इमारती बांधणाऱ्यांना ठाऊक असते. २०१६ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा कायदाही झाला. तरीही कितीतरी पोस्टांच्या, बँकांच्या आणि देवळांच्या दारात तीन पायऱ्या उभ्याच असतात. खुर्चीतल्या माणसाचा दम त्या पायऱ्यांपाशी संपतो, आणि तो कमी पडला असे आपण म्हणतो. त्याच्या वहीत दर तीन महिन्यांनी नवा आकडा चढतो आहे. आपल्या गल्लीच्या आणि दाराच्या नावानेही अशी एक वही घालून पाहायला काय हरकत आहे?